आखूड शेपटीचं माकड

सर,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या, बाकीचं मग. पारवा म्हणजे मोह, पिलांच्या मायेने आंधळा होऊन आपण होऊन जाळ्यात शिरणारा जीव, असं तुम्ही आम्हांला आयुष्यभर शिकवलंत आणि आम्ही ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. दिल्लीच्या द्वारकेतल्या या आठव्या मजल्यावर माझ्या बाल्कनीत सहा वर्षं पारव्यांचं एक जोडपं राहतं आहे. त्यांना हे कोणी कळवलेलं दिसत नाही. बाईसाहेब एसीच्या बाहेरच्या डब्यामागे दोन काड्या टाकतात, त्यालाच घरटं म्हणतात, अंडं घालतात आणि चालू लागतात. अंड्याची काळजी माझी बायको करते. ऊन आलं की ती तिथे फडकं लावते, वारा सुटला की फडकं काढते. शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान निघालं, ‘कबूतरों को दाना डालना सख़्त मना है’, आणि आम्ही हिरवी जाळी बसवून घेतली. आता जाळीच्या आत आम्ही दोघं आणि बाहेर, कठड्यावर, आमच्याकडे मान वाकडी करून बघणारे ते दोघं. मोहाने जाळ्यात नक्की कोण सापडलं, हे तुम्ही एकदा येऊन बघून जायला हवं होतं. तुमच्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात दुरुस्ती करावी लागली असती.

‘पंडित, प्रस्तावना फार लांबली,’ असं तुम्ही म्हणाल. मला पंडित तुम्हीच म्हणायचात, आणि ते कौतुकाने म्हणताय की खोचून, हे मला कधीच नीट कळलं नाही. असो. शनिवारची दुपार आहे, बायको झोपली आहे, आणि जेवणाच्या टेबलावर तुमच्या पुस्तकाची प्रुफं पसरलेली आहेत. मी तीनदा उठून पाणी प्यालो, दोनदा बाल्कनीत जाऊन पारव्यांना हुसकलं, एकदा उगाच लिफ्टने खाली जाऊन वर आलो. सोमवारी ही प्रुफं प्रकाशकाकडे परत जायची आहेत. तुमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, सर. पहिलीच्या पाचशे प्रती संपायला एवढी वर्षं लागली, हे तुम्हांला सांगायला नको; तुमचा अंदाज याहून वाईट होता. संपादन माझं आहे, प्रस्तावनाही माझीच, आणि ती लिहून होत नाही.

तुमच्या करोलबागेतल्या त्या वरच्या खोलीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही मिठाईचे व्यापारी असाल. भिंतीला लागून सोहनहलव्याचे आणि सोनपापडीचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेले, आणि प्रत्येक डब्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात एकेका प्राण्याचं नाव. हत्ती, विंचू, घार, बेडूक, मुंगळा. मी वाईच्या पाठशाळेतून व्याकरण घोटून दिल्लीला आलेला, शेंडी नुकतीच कापलेली आणि त्याबद्दल अजून अपराधी वाटणारा मुलगा. तुम्ही एक डबा उघडून माझ्यापुढे सरकवलात. आत पोस्टकार्डांच्या आकाराचे पुठ्ठे. डाव्या कोपऱ्यात प्राणी, उजव्या कोपऱ्यात पाप, मध्ये ओवी किंवा श्लोक, खाली कुठल्या बाडाच्या कुठल्या पानावरून घेतला ते. जुन्या भक्तिकाव्यात कुठलं पाप कुठल्या जनावराच्या पाठीवर बसून येतं, याची तुम्ही तीस वर्षं नोंद करत होतात. ‘माणसाला स्वतःचं पाप दिसत नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘म्हणून कवी त्याला शेपूट लावून समोर आणून बांधतो. मग दिसतं.’ आणि मग, माझ्या डोक्याकडे बघत, ‘शेंडी कधी कापलीस?’

तुमच्या खोलीत गाढव ही शिवी चालत नव्हती. ‘गाढवाच्या नावावर मला आजपर्यंत एकही पाप सापडलेलं नाही,’ असं तुम्ही गंभीरपणे सांगायचात. ‘उगाच त्या बिचाऱ्याची बदनामी नको.’ चुकलं तर आम्ही बगळे व्हायचो, कारण बगळा म्हणजे दंभ. आणि आळस केला तर अजगर. काकू आतून चहा आणताना विचारायच्या, ‘आज कोण बगळा?’ आणि जो असेल तो हात वर करायचा. पण कार्डांच्या बाबतीत तुम्हांला गंमत चालत नसे. तिथे एकच नियम होता, आणि तो पाठशाळेतल्या सोवळ्यापेक्षा कडक होता. जे पान तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत त्याचं कार्ड शाईत. जे दुसऱ्या कोणी पाहून सांगितलं ते पेन्सिलीत. मग सवड झाली की तुम्ही त्या गावी जायचात, त्या मठात किंवा त्या घरात बसून पान बघायचात, परत येऊन पेन्सिलीवर शाई फिरवायचात. एका बेडकासाठी तुम्ही दोन दिवस बसने गेला होतात. काकू म्हणाल्या होत्या, ‘माझ्या भावाच्या लग्नाला इतकं लांब जमलं नाही हो.’

आता त्या बाडाबद्दल. ज्या निनावी कवीने सहा रिपूंना सहा प्राणी दिले होते ते. कवीचं नाव नाही, गाव नाही, सुरुवातीची आणि शेवटची पानं नाहीत. काम हा खड्ड्यात पडणारा हत्ती. क्रोध हा आपल्याच सावलीवर धावून जाणारा रेडा. लोभाचा मुंगळा, डोकं तुटलं तरी गुळाला तोंड लावून असलेला. मोहाचा पारवा, ज्याच्याबद्दल वर तक्रार केली आहे. मदाचं पान सापडत नव्हतं आणि मत्सराचंही. मदाचं पान आपल्या पुणेकराने शोधून काढलं. माझ्या बरोबरीचा, माझ्याच खोलीत राहणारा, माझाच साबण वापरणारा तो मुलगा एका देवळातल्या रद्दीतून कोंबडा घेऊन आला. आपण आरवलो म्हणून सूर्य उगवतो असं वाटणारा कोंबडा. तुम्ही स्वतः जाऊन पान पाहून आलात, कार्डावर शाई फिरवलीत, आणि खिशातलं पेन काढून त्याला दिलंत. तुमचं रोजचं पेन. मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. त्या संध्याकाळी काकूंनी शिरा केला होता आणि मला तो गिळवत नव्हता.

मग मत्सर राहिला. ‘मत्सराला कसरीने खाल्लं,’ तुम्ही म्हणायचात, ‘म्हणजे मत्सराचा प्राणी कसर.’ त्याच हिवाळ्यात तुम्ही मला गोदाकाठच्या एका मठात पाठवलंत. तिथली बाडं बाहेर द्यायची नाहीत, तिथेच बसून उतरवायची, अशी त्यांची अट होती. तुमचं गाव तिथून चार कोसांवर, तरी तुम्ही म्हणालात, पहिल्यांदा तू जा. मी अकरा दिवस तिथे बसून तीन बाडं उतरवली. सहावा प्राणी नव्हता. रिकाम्या हाताने दिल्लीला परत आलो, आणि तुमच्याकडे येण्याआधी दोन दिवस ग्रंथालयात वेळ काढत बसलो. वहीची प्रत नीट करतो आहे, असं स्वतःला सांगत होतो.

ग्रंथालयाची ती खिडकी मला आज जशीच्या तशी दिसते आहे. थंडीतलं ऊन. खाली एक माणूस सायकल ढकलत येतो, मागच्या कॅरिअरवर एक वानर बसलेलं, काळ्या तोंडाचं, साहेबासारखं ताठ. सरकारी इमारतींमधली माकडं पळवायला तेव्हा असे वानरवाले ठेवायचे. माणूस सायकल भिंतीला लावतो, वानर उतरून भिंतीवर चढतं, आणि त्याची ती लांबलचक शेपटी भिंतीवरून खाली लोंबते, रस्त्यावर टेकेल इतकी. सगळी माकडं पळतात. एक पळत नाही. दहा हातांवर, भिंतीच्या टोकाला, मुठीत चणे घेऊन बसून राहतं. त्याची स्वतःची शेपटी वीतभर, आखूड. ते त्या लांब शेपटीकडे बघतं. बघतच राहतं. मूठ तोंडाशी जात नाही. मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो:

मर्कटाचें पुच्छ थोटें । देखे वानराचें मोठें ।
मुठीं चणे ते न घोटे । जळे भिंतीवरी ॥

सर, दहा मिनिटं लागली असतील. खाडाखोड नाही. पाठशाळेत आम्ही समस्यापूर्ती म्हणून रोज असले श्लोक पाडायचो, पण हे तसं नव्हतं. ते माकड मीच होतो, आणि मुठीत माझे चणे होते. मग मी ती ओवी वहीच्या मागच्या पानावरून पुढच्या पानांत नेली, तिसऱ्या बाडाच्या नकलेच्या शेवटी. ‘सुटे पान, अनुक्रम नाही’ असं वर लिहिलं.

तुम्ही ती वाचलीत तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत वाचलीत. मग म्हणालात, ‘चांगली आहे रे. फार चांगली आहे.’ आणि मला एक पेन्सिल दिलीत, मागे खोडरबर असलेली, नवी. पुणेकराला पेन आणि मला पेन्सिल! मी आठवडाभर धुमसत होतो. आता त्या पेन्सिलीतही मला अर्थ दिसायला लागला आहे, किंवा तुमच्याकडे दुसरं पेन नसेल. गेल्या सहा दिवसांत मला प्रत्येक गोष्टीत खूण दिसते आहे. काल बायकोने पोह्यांत चणे घातले होते, मी तिच्याकडे संशयाने बघितलं.

सहा दिवसांपूर्वी काय झालं ते सांगतो. प्रुफं तपासायला दर रविवारी एक मुलगी येते. गोदाकाठच्या एका खेड्यातली आहे. तिचे अब्बा तिथल्याच शाळेत मराठी शिकवतात. ती इथे करोलबागेच्या बाजूला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, पर्यायी विषय मराठी वाङ्मय. सकाळी मेट्रोची ब्लू लाइन पकडून येते, पाच तास काम करते, आणि बायकोच्या हातची वांग्याची भाजी खाऊन जाते. कामाचे पैसे घे म्हटलं तर म्हणते, वांगी आहेत ना. तिच्या डोळ्यांतून एक अनुस्वार सुटत नाही. तुम्ही तिला पहिल्याच दिवशी डबे उघडून दिले असते.

मागच्या रविवारी आम्ही शेवटच्या प्रकरणाशी आलो. मत्सराच्या. पेन कानामागे खोचून ती म्हणाली, ‘काका, एक विचारू? रागवायचं नाही.’

‘विचार. रागवायचे ते सर होते.’

‘हे माकड आपल्याकडचं नाहीये.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे हे दिल्लीचं आहे. आमच्या घाटावरच्या माकडांची शेपटी ही एवढी असते, अंगापेक्षा लांब. लहानपणी एकाने माझ्या हातातला पेरू पळवला होता ना, तर ते भिंतीपलीकडे गेलं तरी शेपटी अजून इकडेच होती.’ ती हसली. ‘आखूड शेपटीचं माकड मी पहिल्यांदा इथे येऊन बघितलं. अब्बांना फोटो पाठवला, म्हटलं, बघा, दिल्लीत माकडांच्याही शेपट्या कापतात. मग आपल्या कवीला हे कुठे दिसलं?’

‘माकडांचं राहू दे,’ स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘पोळ्या गार होतायत.’

सर, त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. पोळ्या गार होत होत्या, मुलगी हसत होती, याहून सोपी वेळ मिळाली नसती. मी चष्मा काढला, पुसला (हे तुमचंच) आणि म्हणालो, ‘कवी उत्तरेत हिंडला असेल. काशीला गेला असेल. जायचे त्या काळी.’

‘अरे हो! बिल्कुल!’ ती खुर्चीतून अर्धी उठली. ‘काका, मग हे केवढं मोठं आहे! नाव नाही, गाव नाही, पण तो उत्तरेत जाऊन आला होता हे माकडावरून कळतं. सरांच्याही लक्षात आलं नसेल. तळटीप घालू या?’

आणि तिने घातली. सात ओळींची, नीटस, सावध भाषेत, ‘असे अनुमान करण्यास जागा आहे’ वगैरे. खाली कंसात स्वतःची आद्याक्षरं लिहिली, मग लाजून खोडली. मी म्हटलं, ‘राहू दे, तुझंच आहे.’ जेवताना तिने बायकोला ते सगळं पुन्हा समजावून सांगितलं. स्टेशनावर पोचल्यावर फोन करून म्हणाली, अब्बांना सांगितलं, ते फार खूश झाले, शाळेत मुलांना सांगणार आहेत.

मी दिवसभर सरकारी परिपत्रकांचं मराठी करतो, सर, त्यामुळे अर्थ नसलेल्या वाक्यांची मला भीती उरलेली नाही. पण त्या सात ओळींची वाटते. त्यांत एकही चूक नाही. निरीक्षण खरं, तर्क शुद्ध, फक्त ज्यावर ते उभं आहे ते माकड माझं आहे. तेव्हापासून मला बसवत नाही.

बुधवारी कामासाठी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात गेलो होतो. कँटीनमध्ये थालीपीठ खाल्लं, बाहेर पडलो, तर भिंतीशी एक माणूस उभा. गळ्यात ओळखपत्र, हात तोंडाभोवती धरलेले, आणि घशातून वानराचा आवाज काढतोय. हुबेहूब. खरी वानरं ठेवायला आता बंदी आहे, म्हणून त्यांचा आवाज काढणारी माणसं नेमतात. मी थांबलो. भिंतीवरची चार-पाच माकडं उठली, सावकाश, जेवण झाल्यावर पाहुणे उठतात तशी, आणि पलीकडच्या झाडावर गेली. मी त्या माणसाला विचारलं, ‘भाईसाहब, ये सच में फँस जाते हैं?’

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘कहाँ साहब,’ तो म्हणाला, ‘बीस साल से मेरी शक्ल देख रहे हैं। सब जानते हैं। बस, लिहाज़ करते हैं।’

लिहाज. आपल्याकडे भीड म्हणतात, पण ते पुरत नाही. समोरच्याचं कळलेलं असूनही त्याला उघडं न पाडणं. मी मेट्रोत बसलो आणि उतरायचं स्टेशन मागे टाकून शेवटपर्यंत गेलो. कारण मला पानिपत आठवलं होतं.

ओवीनंतर तीन वर्षांनी, संक्रांतीला. दर वर्षी तुम्ही काला अंबला जायचात, त्या वेळी फक्त मला बरोबर घेतलं होतंत. स्मारकापाशी थंडीत उभे होतो, महाराष्ट्रातून आलेली मंडळी फोटो काढत होती. कुंपणाच्या भिंतीवर एक माकड बसलेलं. तुम्ही हातातली काठी उचलून दाखवता.

‘शेपूट बघ रे त्याचं.’

मी बघतो. ‘बघितलं.’

‘नीट बघ.’

‘बघितलं, सर.’

‘काही म्हणायचंय?’

‘नाही सर. काय म्हणायचं?’

तुम्ही कोटाच्या खिशातून तिळगुळाची पुडी काढता, एक वडी माझ्या हातावर ठेवता. ‘घे. गोड बोल.’ मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, ‘खरं बोल म्हणून सांगणारा एखादा सण आहे का रे आपल्यात?’ मी मोठ्याने हसलो. मला तो विनोद वाटला. परतीच्या बसमध्ये मी तो दोघातिघांना सांगितलासुद्धा. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

तुम्ही गोदाकाठचे, सर. लहानपणी घाटावरच्या चिंचेवरून माकडं हाकलण्याचं काम तुमच्याकडे होतं, आणि त्याचे चार आणे मिळायचे, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. जे त्या मुलीला पहिल्या वाचनात दिसलं ते तुम्हांला दिसलं नसेल, हा पूर्वपक्ष मी गुरुवारभर लढवून पाहिला. मोतीबिंदू होता. वय झालं होतं. सहावा प्राणी मिळावा म्हणून तुम्ही आतुर होतात, आणि आतुर माणूस शेपटी मोजत नाही. बरा पूर्वपक्ष होता. काल मी माकडाचा डबा उघडेपर्यंत टिकला.

तुम्ही गेल्यावर काकूंनी डबे माझ्या स्वाधीन केले. एकोणीस वर्षं ते आमच्या माळ्यावर आहेत, आणि संपादनासाठी मी सगळे खाली काढले. एक सोडून. त्यासाठी मी स्वतःला जी कारणं दिली ती इथे लिहीत नाही, ती परिपत्रकाच्या भाषेत होती. काल स्टुलावर चढून तो डबा काढला. बत्तीस कार्डं आहेत. चंचलतेचं माकड, चेष्टेचं माकड, मडक्यात हात अडकलेलं माकड, सगळी शाईत. शेवटचं कार्ड मत्सराचं. माझी ओवी, तुमच्या अक्षरात, पेन्सिलीत. ओवीनंतर तुम्ही सात वर्षं जगलात. दर उन्हाळ्यात गावी जात होतात. तो मठ चार कोसांवर होता, आणि बाडं जागच्या जागी होती. गोदेचं पाणी मठात शिरून ती गेली ती तुमच्यानंतर. एका बेडकासाठी दोन दिवस बसमध्ये बसणारा माणूस चार कोस गेला नाही. खाली, जिथे बाडाचं नाव आणि पान लिहायचं, तिथे काहीही लिहिलेलं नाही. जागा मोकळी आहे.

मग मी छापलेलं पुस्तक काढलं. मत्सराच्या ओवीखाली तुमची तळटीप आहे: ‘एका विद्यार्थ्याने पाहिलेल्या पानावरून.’ नाव नाही. कोंबड्याखाली पुणेकराचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. पुस्तक आलं तेव्हा ती तळटीप बघून मी तुमच्याकडे दोन महिने फिरकलो नव्हतो. काकूंनी निरोप पाठवला तेव्हा तापाचं निमित्त सांगितलं. त्यानंतर तुम्ही दोन वर्षंच होतात, आणि त्या दोन वर्षांत मी येऊन बसायचो ते थोडा फुगलेलाच. एवढी वर्षं मी मनात धरून होतो की माझ्या शोधाला तुम्ही माझं नाव दिलं नाहीत. काल पहिल्यांदा वाटलं, तुम्ही ते झाकलंत. उद्या कोणी शेपटी मोजली तर माझ्यावर येऊ नये म्हणून. माझ्या जागी तुमचं पुस्तक पुढे केलंत.

असं असेल तर एक प्रश्न राहतोच, आणि तो विचारायला तुम्ही समोर नाही हे बरं आहे की वाईट, कळत नाही. कळलं होतं तर छापलीत कशाला? तुमच्यासारख्या माणसाने? ओवी चांगली होती म्हणून? सहाव्याशिवाय पुस्तक लंगडं दिसलं असतं म्हणून? की मी एक दिवस येऊन सांगेन, आणि तुम्ही ते पान काढून टाकाल, म्हणून जागा मोकळी ठेवलीत? हत्ती, रेडा, मुंगळा या सगळ्यांचं पाप तुम्ही ओळखायचात. लिहाजाचं पाप कुठल्या प्राण्याचं, ते तुमच्या डब्यांत मला सापडत नाही.

आता उपाय सोपा आहे, हे मला माहीत आहे. प्रस्तावनेत चार वाक्यं. ओवी माझी आहे, बाडात नव्हती, सरांचा दोष नाही, वाचकांनी क्षमा करावी. शेवटचं प्रकरण कोसळेल. लोक तुमचं तेवढंच प्रकरण वाचतात आणि भाषणांत वापरतात. पुणेकर पत्र पाठवेल, अत्यंत समंजस. ते सगळं मी सोसेन असं वाटतं. सकाळपासून ती चार वाक्यं पाच वेळा लिहिली आणि पाच वेळा खोडली. खोडताना तुमची पेन्सिल वापरली, ती अजून आहे, रबर मात्र वाळून दगड झालाय, खोडायच्या ऐवजी कागद काळा करतो.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही. माकडाच्या डब्यात, शेवटच्या कार्डामागे बसेल. घडी घालून बघितली, बसतं.

बायको उठली आहे. विचारते आहे, उद्या मुलगी येणार ना, मग वांगी आणायला हवीत. मी हो म्हटलं. उद्या अकराच्या सुमाराला बेल वाजेल, ती आत येईल, चप्पल काढता काढताच तळटीपेबद्दल बोलायला लागेल. तिला नुसतं सांगायचं आहे, बाळ, ते माकड मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिलं. एवढंच एक वाक्य. पुस्तकाची मला तेवढी काळजी नाही, सर, तुमच्या नावाचीही नाही, ते माझ्यापेक्षा पक्कं आहे. काळजी वाटते ती ही, की ती समोर बसेल, आणि मी म्हणेन, आधी जेवून घे. सात वर्षं तुमच्यासमोर बसून मी हेच केलं. उद्या वेगळं करीन, याची मला खात्री नाही.